दोन ‘कधी’

१६ मे २०२१ चा रविवार. चर्चच्या पंचांगात त्या दिवशी प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा सण होता, आणि आमच्या किनाऱ्यासमोरून तौक्ते वादळ उत्तरेकडे सरकत होतं. टाळेबंदीमुळे चर्चला कुलूप होतं, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मोबाइलवर ऐकायची. वेंगुर्ला तालुक्यातल्या आमच्या घरी पाच माणसं एका फोनभोवती बसलो होतो. बायबलमधलं पहिलं वाचन सुरू झालं: प्रेषितांची कृत्ये, अध्याय पहिला. शिष्य प्रभूला विचारतात, इस्राएलचं राज्य तू आताच पुन्हा उभं करणार का? प्रभू सांगतो, काळवेळ पित्याने स्वतःच्या हाती ठेवली आहे, ती जाणणं तुमचं काम नव्हे. मग तो वर घेतला जातो. शिष्य आभाळाकडे बघत राहतात आणि शुभ्र वस्त्रांतले दोघे त्यांना विचारतात, गालीलकरांनो, वर बघत का उभे राहिलात? एवढं कानावर पडलं आणि रेंज गेली. थोड्या वेळाने वीजही गेली, ती आठ दिवसांनी आली.

दुपारी मागच्या पडवीवर माड कोसळला. माझी आत्या खिडकीपाशी जपमाळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, “बग, शेवटचो काळ इलो.” तिच्या फोनमध्ये त्याआधी वर्षभर तेच येत होतं. कोरोना म्हणजे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली पीडा, लस म्हणजे श्वापदाची खूण, वादळ म्हणजे शेवटची हाक. एका व्हिडिओपायी तिने लस घेतली नव्हती. पासष्टी ओलांडलेली, दम्याची बाई. देवाच्या कृपेने ती वाचली. लस मात्र तिने पुढच्या वर्षी, नातवाने हात धरून नेली तेव्हा घेतली.

मी कॅथलिक आहे, रोज प्रार्थना करतो, आणि प्रभू परत येणार हे मनापासून मानतो. ज्यांना ही श्रद्धाच खुळी वाटते त्यांच्याशी आज माझा वाद नाही. माझं भांडण घरातलं आहे. प्रभूच्या येण्याची तारीख काढणं हा त्याच्या स्पष्ट शब्दाचा भंग आहे, आणि तो आमच्या वाड्यावाड्यांवर राजरोस होतो याला आम्ही कॅथलिकच निम्मे जबाबदार आहोत, कारण आम्ही या विषयावर बोलणं सोडून दिलं आहे.

प्रभूचा शब्द आडवळणाचा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात तो सांगतो, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही. स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे. ‘पुत्रालाही नाही’ या शब्दांशी मी कितीदा तरी थांबतो. स्वतः प्रभूने जे आपल्याला ठाऊक नाही म्हणून सांगितलं, ते मला ठाऊक आहे असं म्हणायला माणसाच्या अंगी काय असावं लागतं? त्यावर तारीखवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: दिवस आणि घटका ठाऊक नाही, पण वर्ष कळू शकतं, महिना कळू शकतो. बापाने कपाटाला कुलूप लावलं आणि पोरगा म्हणाला, कुलूप वरच्या खणाला आहे, खालचा मी उघडतो, तशातली ही गोष्ट.

आता जिथे खरोखर अडचण आहे तिथे अंग चोरून चालणार नाही. मार्काच्या १३ व्या अध्यायात प्रभू म्हणतो, हे सारं घडेपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. ती पिढी गेली. पहिल्या ख्रिस्ती लोकांना तो आपल्या हयातीतच येईल असं वाटत होतं. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल ‘आपण जे जिवंत उरू’ अशीच भाषा वापरतो. काही अभ्यासक म्हणतात ते वचन यरुशलेमच्या मंदिराबद्दल होतं, आणि मंदिर खरोखरच त्या पिढीतच, इसवी सन ७० मध्ये, रोमी सैन्याने पाडलं. काही म्हणतात ‘पिढी’ म्हणजे यहुदी वंश. आल्बर्ट श्वाइत्सरसारख्या विद्वानाने तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरळ मांडलं की येशूची ती अपेक्षा फळाला आली नाही. मला मंदिराचा अर्थ पटतो, कारण त्या अध्यायाची सुरुवातच मंदिराच्या दगडांवरून होते. तरी वचन अवघड आहे ते आहेच. माझा मुद्दा एवढाच की ही अडचण आजची नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात थट्टा करणारे विचारतात, कुठे आहे त्याच्या येण्याचं वचन? उत्तर येतं: प्रभूला हजार वर्षं एका दिवसासारखी आहेत, तो उशीर करत नाही, कुणाचा नाश होऊ नये म्हणून धीर धरतो. म्हणजे उशिराचा प्रश्न बायबलच्या आतच विचारला गेला आहे, आणि त्याला उत्तर म्हणून तारीख दिलेली नाही. धीर दिला आहे, तोही देवाचा, आपला नव्हे.

थेस्सलनीकाच्या मंडळीत आणखी एक गोष्ट घडली. प्रभूचा दिवस आलाच अशी आवई उठली होती, आणि तिथे काही जण कामधंदा सोडून बसले होते. दुसऱ्या पत्रात त्यांना खडसावलं आहे: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. हे वचन आळशी माणसाला सुनावायला आपण हमखास वापरतो. ते ज्या पत्रात आहे ते जगबुडीच्या आवईला उत्तर द्यायला लिहिलं गेलं, हे कुणी सांगत नाही.

पुढे प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्यावरून ख्रिस्ती लोकांत तीन वाटा फुटल्या. प्रभू आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील, ही एक. दुसऱ्या शतकातले जस्टिन आणि इरेनियस याच मताचे. सुवार्तेने जग हळूहळू सुधारेल, सुवर्णकाळ येईल आणि शेवटी प्रभू येईल, ही दुसरी. हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आणि दुसऱ्या येण्यामधला चर्चचा सगळा काळ, आकडा शब्दशः घ्यायचा नाही, ही तिसरी. संत ऑगस्टीनने ती भक्कम केली आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्युथरन मंडळी बहुतांशी तिनेच चालली. मी तिसऱ्या वाटेवरचा. पहिल्या वाटेवरचा भाऊ मला परका नाही, हे मुद्दाम सांगतो. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने दवाखाना उभा केला तेव्हा तिथल्या खाटेवर पडलेल्या कुळवाड्याला डॉक्टरांचं हजार वर्षांबद्दलचं मत काय, हे विचारावं लागलं नाही.

‘मंडळी उचलली जाईल’ हे मत मात्र मला पटत नाही. संकटकाळाच्या आधी खरे विश्वासणारे गुपचूप वर घेतले जातील आणि बाकीचे मागे राहतील, ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात घडवली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ती जगभर गेली. तिच्या आधाराला मत्तय २४ मधलं वचन देतात: शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक राहील. त्याच्या वरच्या ओळी वाचाव्यात. तिथे नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट चालली आहे. पूर आला आणि सगळ्यांना घेऊन गेला. ‘घेतले गेले’ ते बुडालेले. तारवातला नोहा मागे राहिला, तो वाचला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते आपण पाहिलं आहे. पुराने ‘नेलं’ म्हणजे काय, हे कोकणी माणसाला टिपांमधून शिकायला नको.

तारखांचा इतिहास मी थोडक्यातच सांगतो, पण त्यातल्या एका माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. विल्यम मिलर, न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, बॅप्टिस्ट, प्रामाणिक. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं असं धरून त्याने इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजलं आणि १८४३ च्या आसपास येऊन थांबला. नेमकी तारीख द्यायला तो नाखूश होता. अनुयायांनी रेटा लावला. शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरला. हजारो लोक त्या दिवसाकडे डोळे लावून बसले, काहींनी पिकलेलं शेतही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सूर्य उगवला. त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवलं आहे की ते पहाटेपर्यंत रडत होते. हे रडणं मला खोटं वाटत नाही. प्रभूवर प्रेम केल्याशिवाय तो आला नाही म्हणून कुणी रात्रभर रडत नाही. प्रेम खरं होतं. त्या प्रेमाला चुकीच्या खुंटीला टांगलं होतं.

नंतरच्या सगळ्यांबद्दल असं म्हणवत नाही. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ची तारीख दिली गेली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. तारीख देणाऱ्या पाद्र्याने स्वतः मात्र मे १९९३ मध्ये पिकणारे रोखे घेऊन ठेवले होते. फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. अमेरिकेत हॅरल्ड कॅम्पिंगने आधी १९९४ सांगितलं, मग २१ मे २०११, मग त्याच वर्षीचा २१ ऑक्टोबर. त्याचं ऐकून न्यूयॉर्कच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्यभराच्या पुंजीतले सुमारे १,४०,००० डॉलर जाहिरातींवर घातले. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने तारीख सांगणं पाप होतं अशी जाहीर कबुली दिली. कबुलीबद्दल त्याला मान देतो. पण पैसे गेलेल्या माणसाला त्या कबुलीने काय मिळालं?

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाला म्हणे स्वप्नात प्रभूने २३ आणि २४ सप्टेंबर २०२५ सांगितलं. ती चित्रफीत जगभर फिरत आमच्या किनाऱ्यावरही आली. माझा चुलतभाऊ छोट्या होडीवर मासेमारी करतो, कष्टाळू आहे, दारू नाही, जुगार नाही. गेली चार वर्षं तो तालुक्याबाहेरच्या एका प्रार्थनागटात जातो. ऑगस्टमध्ये मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. मला म्हणाला, “दादा, फी कित्याक भरूची? तेवीस तारखेक सगळां संपतलां.” मी बायबल उघडलं. मत्तय २४, प्रेषितांची कृत्ये १, थेस्सलनीकाकर. तासभर बोललो. तो गप्प झाला, मी जिंकलो असं समजून घरी आलो. फी त्याने भरलीच नाही. २५ तारखेला वहिनीने बांगड्या गहाण टाकल्या आणि उशिराच्या दंडासकट पैसे भरले.

त्यानंतर तीन आठवडे मी त्याच्या घरी गेलो नाही. त्याला लाज वाटेल म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे माझं बरोबर ठरलं होतं आणि मला तेवढं पुरलं होतं. गावातलंही कुणी गेलं नाही. पोरं मात्र बंदरावर त्याला विचारत होती, काका, अजून खालीच? ज्याची तारीख चुकली त्याला आपण एकतर हसतो किंवा टाळतो, आणि मग त्याच्याकडे जायला फक्त तो गटच उरतो, पुढची तारीख घेऊन.

इथे आमच्या चर्चचा दोष येतो. आमच्याकडे शिकवण आहे, आणि जुनी आहे. कॅथलिक चर्चच्या पाचव्या लॅटरन परिषदेने १५१६ मध्येच धर्मोपदेशकांना ख्रिस्तविरोधकाच्या आगमनाची किंवा न्यायाच्या दिवसाची ठरावीक वेळ सांगायला बंदी केली. त्याला पाचशेहून जास्त वर्षं झाली. रविवारच्या विश्वासांगीकारात आम्ही म्हणतो की तो जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करायला पुन्हा येईल. मिस्सेत, अर्पणाच्या ऐन गाभ्यात, त्याचं मरण, त्याचं उठणं आणि त्याचं पुन्हा येणं आम्ही एका दमात घोषित करतो. दर रविवारी म्हणतो, आणि घरी जाऊन मासे साफ करायला बसतो. याचा अर्थ काय, यावर मी गेल्या वीस वर्षांत किती प्रवचनं ऐकली? हाताच्या बोटांवर मोजता येतील. फेस्ताची वर्गणी, चर्चचं छप्पर, मुलांची शिस्त, सगळं बोललं जातं. मग शेवटच्या काळाबद्दल माणसाला प्रश्न पडला की तो फोनकडे जातो. फोन कधी गप्प बसत नाही.

आणि कॅथलिकांनी पेंटेकोस्टल भावांकडे बोट दाखवायचं कारण नाही. ‘तीन दिवसांचा काळोख’ येणार, त्या वेळी फक्त आशीर्वादित मेणबत्त्याच पेटतील, ही भाकितं आमच्याच घरांतून फिरतात. आत्याच्या पेटीत तशा मेणबत्त्यांचा जुडगा आहे. तौक्तेच्या रात्री वीज नसताना आम्ही अंधारात बसलो, पण तिने त्यातली एक काढू दिली नाही. त्या खऱ्या काळोखासाठी ठेवलेल्या. शेजारच्या घरात तान्हं बाळ होतं आणि त्यांच्याकडे दिवा नव्हता, ते सकाळी कळलं. आत्याला मी दोष देत नाही. दिवा ठेवून दे, एवढंच तिला शिकवलं गेलं. तो कुणासाठी लावायचा, हे कुणी शिकवलं नाही.

कुणी म्हणेल, कायदा आणा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, त्यात हेही घाला. मला ते पटत नाही. घरं विकायला लावणाऱ्या, पैसे उकळणाऱ्या माणसावर फसवणुकीचा गुन्हा जरूर नोंदवावा, त्याला आजचा कायदा पुरेसा आहे. पण माझ्या भावाचे पैसे कुणी उकळले नव्हते. त्याची आशा उकळली होती, आणि आशेचा पंचनामा तलाठी करू शकत नाही. ते काम आमचं आहे.

तारीखवाल्यांच्या बाजूचा एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. भाऊच म्हणाला होता: तुमच्या चर्चमध्ये कुणाला प्रभू यावासा वाटतो काय? आम्ही निदान वाट तरी बघतो. याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. पहिल्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थना होती ‘मारानाथा’, प्रभू ये. आम्ही ती नाताळआधीच्या आगमनकाळातल्या गाण्यांपुरती ठेवली आहे. त्याची तळमळ खरी आहे आणि आमची सुस्ती खरी आहे. फक्त, तळमळीला तारीख लागते हे खरं नाही, आणि ते मी माझ्या आईकडून शिकलो.

वडील बोटीवर होते, मालवाहू जहाजावर. सत्तरच्या दशकात बोटीवर गेलेला माणूस कधी येईल याचा नेम नसे. पत्र यायचं ते दीड महिन्यापूर्वीचं. एजंटच्या ऑफिसात खेटे घालून तारीख काढणाऱ्या बायका गावात होत्या. तारीख मिळायची, बोट दुसऱ्याच बंदराला लागायची आणि बाई आठवडाभर आजारी पडायची. आई कधी गेली नाही. मे महिना लागला की ती म्हणायची, “येतलो तेवा येतलो. तवसर घर शाकारूक व्हया.” कौलं उतरवून, फुटकी बदलून घर शाकारलं जायचं. आगोटीचं भरून व्हायचं: तांदूळ, सुकी मासळी, मीठ, लाकडं. मोठ्या भावाला वह्या घेतल्या जायच्या. आणि रोज रात्री एका माणसाचं जास्तीचं जेवण असायचं. सकाळी त्याची पेज व्हायची. तिला नवऱ्याची ओढ नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? तिच्या ओढीचं रूपच ते शाकारलेलं घर होतं.

मत्तयाच्या २५ व्या अध्यायातल्या दहा कुमारींची गोष्ट वाचताना मला आई आठवते. वराला उशीर झाला आणि दहाही जणी झोपल्या, शहाण्याही झोपल्या. वाचक हे विसरतात. प्रभूने झोपेला दोष दिलेला नाही. फरक तेलाचा होता, आणि तेल आधी भरून ठेवायचं असतं.

चिन्हांबद्दलही हेच. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग, पुढच्या वर्षी तौक्ते. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बनला भूकंप झाला आणि मिस्सेला बसलेल्यांवर चर्चं कोसळली. तेव्हाही लोक म्हणाले, शेवट आला. हवामानाचे अभ्यासक सांगतात की अरबी समुद्राचं पाणी तापतं आहे आणि तीव्र वादळं वाढली आहेत. ती आपल्या धुराची करणी आहे. तिला प्रभूच्या येण्याचं चिन्ह म्हटलं की आपले हात स्वच्छ राहतात. भावाच्या गटात होशेय संदेष्ट्याच्या चौथ्या अध्यायातलं वचन सांगतात, समुद्रातले मासेही नाहीसे होतील. मासे कमी झाले, म्हणजे काळ भरला. त्याच्या वरचं वचन वाचा: शपथा मोडणं, खोटं बोलणं, खून, चोरी. संदेष्टा मासे नाहीसे होण्याचं कारण देतो आहे, आणि ते कारण माणसं आहेत. बंदी असतानाही रात्री एलईडीचे दिवे लावून समुद्र खरवडणाऱ्यांविरुद्ध आमचे पारंपरिक मच्छीमार भांडत आहेत. त्या भांडणात माझ्या भावाची जागा पहिल्या रांगेत होती. चार वर्षांपूर्वी तो सभांना जायचा थांबला. सगळं जळून जाणार आहे, मग समुद्र कुणासाठी वाचवायचा? पण प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात माणसं पृथ्वी सोडून पळत नाहीत. नवी यरुशलेम नगरी खाली उतरते, देव माणसांत राहायला येतो. ज्या घरी तो येणार ते घर आपण शाकारायचं की मोडू द्यायचं?

मत्तयाच्या २४ आणि २५ या दोन अध्यायांत ‘कधी’ हा प्रश्न दोनदा येतो. पहिल्यांदा शिष्य विचारतात, हे कधी होईल? प्रभू तारीख देत नाही, गोष्टी सांगत जातो. शेवटच्या गोष्टीत न्यायाच्या दिवशी लोक त्याला विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं, कधी परका, कधी आजारी, कधी तुरुंगात? आणि या दुसऱ्या ‘कधी’ला तो नेमकं उत्तर देतो: या लहानांतल्या एकासाठी केलंत तेव्हा. पहिल्या ‘कधी’चं जे उत्तर आपण आकड्यांत शोधतो, ते दुसऱ्या ‘कधी’च्या उत्तरात कधीचं देऊन ठेवलं आहे. तान्ह्या बाळाच्या अंधाऱ्या घरात तौक्तेच्या रात्री तो होता. २५ सप्टेंबरला माझ्या भावाच्या पडवीत होता, आणि मी गेलो नाही.

३० नोव्हेंबर २०२५, आगमनकाळाचा पहिला रविवार. त्या दिवसाचं शुभवर्तमान मत्तय २४ चंच, नोहाचा पूर आणि शेतातले दोघे. मी फादरांना भेटून विनंती केली की त्या दिवशी नाताळच्या तयारीवर बोलू नका, यावरच बोला, आणि पुढचे तिन्ही रविवार बोला. प्रवचनानंतर लोकांना प्रश्न विचारू द्या, व्हॉट्सअॅपवर काय फिरतंय ते दाखवू द्या. ते थोडे विचारात पडले, मग हो म्हणाले. दुसऱ्या पंथांच्या गटांतल्या माणसांनाही बोलवायचं ठरलं, वाद घालायला नव्हे, सोबत वाचायला.

त्याआधीच्या एका रविवारी भावाकडे गेलो. या खेपेला बायबल नेलं नाही. वहिनीने चहा केला, बांगड्या अजून सुटायच्या होत्या. जाळं दुरुस्त करत तो खाली बघूनच बोलत होता. मी विचारलं, तीस तारखेला माझ्याबरोबर येशील का. तो बराच वेळ गाठ मारत राहिला. मग म्हणाला, “येतंय दादा. पण डिसेंबरात फीचो दुसरो हप्तो आसा. आदी त्येचा बगतंय.”